कमलबाईनं काल काय खाल्लं

"काल दुपारी काय खाल्लं, मावशी?"

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ अर्पिता मॅडमनी विचारलं कमलबाईला. बोलले तिचे मालक, मुंजाजी. दर बाजाराला पालक, मेथी, गाजरं, टमाटे आणतो, परवा तर डाळिंबंही आणली, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं. बायकोच्या हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हापासून त्यांनी जिंतूरचा एकही बाजार चुकवला नव्हता.

बोरीहून परभणीपर्यंत एसटीत उभं राहून कमलबाईचे पाय भरून आले होते. हे लवकर आटपावं आणि कुठंतरी पाठ टेकावी, एवढंच तिला वाटत होतं.

रंगीत भाज्यांत, फळांत अँटिऑक्सिडंट नावाचं काही असतं, असं मॅडम समजावून सांगत होत्या. ते रक्तवाहिन्यांना जपायला मदत करतं. गोळ्या घ्यायच्याच, पण हेही रोज पोटात गेलं पाहिजे. कमलबाईला तो शब्द काही धरता आला नाही. मुंजाजी मात्र मान डोलवत होते.

"काका आणतात ते कळलं," मॅडम तिच्याकडे वळल्या. "पण मावशी, तुमच्या ताटात काय होतं?"

कमलबाईनं आठवून पाहिलं. "भाकर आन् रस्सा."

"कशाचा रस्सा?"

"पालकाचा. पालक सरला होता. पातेल्याच्या बुडाला ऱ्हातंय ते."

"आणि डाळिंब?"

"नातीला सोललं. शाळंतून भुकेजून येतंय लेकरू."

तक्रार करावी असं तिच्या मनातही नव्हतं. या घरात आल्यापासून तिचं जेवण असंच होतं. आधी सासरा आणि दीर, मग मालक, मग मुलगा योगीराज. आता योगीराज आणि सून राजेश्री रानातून दमून येत, त्यांना वाढायचं, नात भक्तीला भरवायचं. सगळ्यांचं झालं की चुलीपाशीच पातेलं पुढ्यात ओढून भाकरीनं पुसून घ्यायचं. तिला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तू काय खाल्लंस, असंही कुणी विचारलं नव्हतं.

मुंजाजींची मान डोलायची थांबली.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. बोरी जवळ आल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मला कामून न्हाई सांगितलंस?"

"त्याच्यात काय सांगायचं?" ती म्हणाली. खरोखरच तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघंच होती. कमलबाईनं नेहमीसारखं त्यांचं ताट वाढायला घेतलं, तर मुंजाजींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला वाढलं नव्हतं. मेथीची भाजी ताटाबाहेर सांडली. गाजर नीट चिरता येईना, तेव्हा त्यांनी ते अख्खंच ठेवलं. भाकर ठेवली, डाळिंबाचे दाणे ठेवले आणि तिला बस म्हणाले.

"तुमी जेवा आदी."

"बस तू."

ती बसली. समोर ते. तिनं घास मोडला, तो तोंडात फिरतच राहिला. इतक्या वर्षांत तिला जेवताना कुणी पाहिलंच नव्हतं. कुणाचं काही चोरून खात असल्यासारखं वाटायला लागलं. तिनं हात आखडता घेतला.

"तुमच्या म्होरं घास उतरंना मला."

मुंजाजींनी वाद घातला नाही. गुडघ्यावर हात देऊन उठले, दारापर्यंत गेले आणि तिच्याकडं पाठ करून उंबऱ्यावर बसले.

"आता जेव. मी बघत न्हाई."

सकाळच्या चहावर होते ते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि खांदे पार उतरलेले दिसत होते. हे खांदे कधी उतरले, ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं भाकरीत मेथी धरली. नुसता रस्सा नाही, भाजी. हळूहळू चावली. खाण्याचाही थकवा येत होता. मध्येच हात थांबला. उरलेलं त्यांच्यासाठी झाकून ठेवावं असं मनात आलं, आणि तिनं दाराकडं पाहिलं.

वास घेत एक शेळी ओट्यावर चढली होती. मुंजाजींनी मागं वळून न पाहता तिला हातानंच हळूच बाजूला सारलं.

कमलबाईनं गाजर उचललं. शांत घरात ते चावल्याचा आवाज झाला. मुंजाजी तसेच बसून राहिले.