एक कडी कच्ची ठेव

मित्रांनो, मी एक जुना साखळदंड आहे. बावीस कड्या, एका टोकाला हत्तीच्या पायात घालायचा कुलपाचा वाळा, दुसऱ्या टोकाला जमिनीत ठोकायची लोखंडी मेख. पुणतांब्याच्या अलीकडे आबासाहेबांची वस्ती आहे. तिथल्या गोठ्यात मी खुंटीला टांगलेला असतो. पाहुणे आले की आबासाहेब मला त्यांच्या हातात देतात. "उचलून बघा. हत्तीन मेली, पन ह्यो तुटला न्हाई." पाहुणे वा वा म्हणतात आणि चहा पितात. मला त्या कौतुकाची किळस येते. का येते, ते ऐका.

माझा जन्म भिंगारचा. लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाडीचं लोखंड कानिफनाथ घिसाड्याने आणलं होतं. तो तापलेली कडी सांडशीत धरायचा आणि त्याची बायको लंकाबाई घण घालायची. बहात्तरचा दुष्काळ होता. पेरणीच नाही तर नांगराचे फाळ कोण घेऊन येणार? म्हणून हत्तीच्या साखळदंडाचं काम आलं तेव्हा कानिफनाथाला फार आनंद झाला.

शेवटच्या कडीला लंकाबाई थांबली. "ही येक कडी कच्ची ठेवा."

"का गं?"

"मुकं जित्राब हाय. कुठं आग लागली, पूर आला, तर तोडून जाया नको? बैलालाबी आपन सुरगाठ मारतो, निरगाठ न्हाई मारत."

"आन् भर बाजारात तुटली म्हंजी? नाव कुनाचं जाईल, माझं का तुझ्या बापाचं?" कानिफनाथ हसला. "घाल घन!"

तिने घण घातला. बाविसावी कडीही पक्की झाली.

गहिनीनाथ नावाच्या माहुताने मला नेलं. तो सुंदरा नावाची हत्तीण गावोगाव फिरवून पीठमीठ मागायचा. तिच्या मागच्या उजव्या पायात मला अडकवलं. बाया आपली तान्ही मुलं तिच्या पोटाखालून पलीकडे द्यायच्या, म्हणजे मूल भीत नाही. पुरुष तिच्या शेपटीचा केस अंगठीत घालायला मागायचे. तिच्या पायाची जखम मात्र कोणी मागितली नाही की पाहिली नाही. ती जखम माझी होती. मीच केली होती.

ती कुठून आली, हे गहिनीनाथ गावातल्या मुलांना सांगायचा. म्हैसूरकडच्या जंगलात तिच्या कळपाची नदीवर जायची वाट होती. माणसांनी जंगल तोडलं आणि त्या वाटेवरच शेतं केली. सुरुवातीला कळप दिसला की लोक बांधावर गूळ ठेवायचे, हात जोडायचे. देवाला गुळाची चव लागली. देव शेतात शिरू लागला. मग त्याच हातांनी वाटेवर खड्डा खणला आणि वर फांद्या पसरल्या. सुंदरा त्यात पडली. तीन दिवस कळप खड्ड्याभोवती घुटमळत राहिला. मग ढोल बडवून त्याला पिटाळलं.

एका मुलीने विचारलं, "मग बाबा, ही देव का चोर?"

"मानसाचं पोट भरल्यालं आसंल तवर देव," गहिनीनाथ म्हणाला.

त्र्याहत्तरच्या माघात आम्ही आबासाहेबांच्या वस्तीवर आलो. सगळा मुलूख करपलेला, पण पाटाच्या पाण्यावर त्यांचा थोडा ऊस तग धरून होता. त्या दिवशी संकष्टी होती. साक्षात गणपती दारात आला म्हणून आबासाहेबांनी सुंदराला थेट उसाच्या बांधावर नेलं आणि स्वतःच्या हाताने मोळी खाऊ घातली. अख्खी वस्ती बघायला लोटली.

त्यांची बायको मनकर्णा म्हणाली, "आवो, चव लावू नका तिला. बैल येकदा मक्यात गेला तर दुसऱ्या दिवशी दावं तोडतो. ही तर हत्तीन हाय."

"गनपतीला न्हाई म्हनतीस? जिभंला काय हाड?"

"गनपती पाटावर बसतो. हिला पोट हाय, म्हनून म्हनते."

लोक हसले. आबासाहेबांनी आणखी एक मोळी घातली.

चौथ्या दिवशी दुपारी सुंदराला वस्तीवरच मेखेला बांधून गहिनीनाथ पीठ आणायला गावात गेला. कुलपाची किल्ली त्याच्या गळ्यात. सुंदराने एक हिसका दिला, मेख उपटली आणि मला फरफटत सरळ त्याच बांधावर गेली. तिला दुसरं कुठलं शेत माहीत होतं? तिथून ती उसात शिरली.

"चोर! हान तिला!" हे आबासाहेब. संकष्टीला मोळी खाऊ घालणारे तेच.

थाळ्या वाजल्या, दगड आले. ती आणखी आत गेली. मग कोणीतरी उसाच्या वाळलेल्या पाचटाला काडी लावली. तीन बाजूंनी आग आणि नदीकडची बाजू मोकळी. कोणाला तिला मारायचं नव्हतं हो, फक्त हाकलायचं होतं. सुंदरा शहाणी. ती बरोबर नदीकडेच निघाली. आणि बांधावरच्या बाभळीच्या जमिनीलगत दुभागलेल्या, दुबेळक्या खोडात माझी मेख अडकली.

ती ओढू लागली. मी ताणला गेलो. मित्रांनो, मी मनापासून सांगतो, मला तुटायचं होतं. कडीन् कडी करकरली, पण एकही उघडली नाही. मागून जाळ आला.

मनकर्णा कुऱ्हाड घेऊन धावली. "खोड तोडा रं! मेख सोडवा!" तिने तीन घाव घातले. चौथ्याला तिच्या लुगड्याचा पदर पेटला आणि लोकांनी तिला ओढून मागे नेलं. खोड तसंच राहिलं. मीही तसाच राहिलो.

गहिनीनाथ किल्ली घेऊन आला तेव्हा आग विझली होती. त्याने वाळा काढला. सुंदराची पाठ भाजली होती, पायाचं हाड दिसत होतं. ती नदीकडे तोंड करून बसली आणि उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली. गहिनीनाथाने मला बांधावर फेकलं आणि मागे न बघता चालू लागला.

तलाठी आला, पंचनामा झाला. सहा गुंठे ऊस जळाला, असं लिहिलं. हत्तीण लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

तेव्हापासून मी या गोठ्यात. पोळ्याला आबासाहेब मला तेल लावतात. मनकर्णा मला हात लावत नाही. ती आपली गाय सुताच्या दाव्याने बांधते, सुरगाठ मारून. एकदा मात्र गोठ्यात कोणी नसताना ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातावर भाजल्याचा डाग होता. ती म्हणाली, "मेल्या, येवढ्या कड्या तुला. येक तुटली आसती तर काय झालं आसतं रं?"



जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेल लावा. मी ते म्हणणार नाही. जपायचं असेल तर हत्तीची वाट जपा. ती मोकळी राहिली तर तो तुमच्या शेतात कशाला येईल? त्याला देव म्हणून गूळ घालू नका आणि चोर म्हणून जाळू नका. तो दोन्ही नाही. त्याला भूक लागते, एवढंच.

आणि माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर या खुंटीवरून काढून मला पावसात टाका. गंजू द्या. लंकाबाईने मागितलेली ती एक कडी उशिरा का होईना, कच्ची होऊ द्या.