लग्नाचा दाखला

कनेरगाव नाक्यावर आमचा ढाबा आहे आणि त्याच्या माडीवर भाड्याच्या दोन खोल्या. चूल आमचे हे बघतात, पाहुणे मी बघते. आधार घ्यायचं, मोबाईलमधल्या तपासणीच्या ॲपमध्ये टाकायचं, कागद खरा अशी हिरवी खूण आली की किल्ली द्यायची. त्या खुणेवर माझा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

त्या दुपारी एक जोडपं आलं. कार्डावर नाव होतं देविदास राठोड, आणि मी पाघळलेच. आम्हीही तांड्यावरचे राठोड. पोरगी फारच लहान दिसत होती, पण त्यानं शिक्क्यासकट लग्नाचा दाखला दिला. दोन्ही मोबाईलमध्ये टाकले, हिरवी खूण आली. आपलाच माणूस म्हणून मी दाखला वाचलासुद्धा नाही.

ती दोघं वर गेल्यावर वाचला. नवरीचं माहेरचं नाव, रुपा राठोड. आम्हा बंजाऱ्यांत राठोडाची राठोडाशी सोयरीक होतच नाही, ती भावाबहिणीची नाती. कुणीतरी मशीनवर कार्ड आणि दाखला हुबेहूब बनवले होते, पण मशीनला आमची रीत कोण सांगणार? हा राठोड नव्हता, आणि ही त्याची बायकोही नव्हती.

मी धावत चुलीपाशी गेले. "त्याला खाली बोलवा, चहा पाजा, गप्पात गुंतवा."

"काहून?" ह्यांनी विचारलं.

"पोरीच्या जिवाचा सवाल हाय!"

तो खाली आला तशी मी तांब्या घेऊन वर गेले. पोरगी खाटेच्या कडेला आखडून बसली होती. नाव विचारलं तर पाठ केल्यासारखं "रुपा" म्हणाली.

"खरं सांग, लेकरा."

"शीतल," ती रडायलाच लागली. "कंपनीत कामाला लावतो म्हणले. माझा फोन घेतला त्याहिनं."

मी आतून कडी लावली आणि पोलिसांना फोन केला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"मावशी, दार उघडा. निघायचंय आमाला."

आवाज गोड होता, त्याचीच जास्त भीती वाटली. मग लाथा सुरू झाल्या. आम्ही दाराला खाट लावली आणि दोघी तिच्यावर बसलो. दाराबाहेर ह्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. पोलीस आले तेव्हा हे त्याच्या कमरेला मिठी मारून जिन्यात पडले होते.

शीतल वाचली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात जमादार म्हणाले, "बाई, मागच्या पाहुण्यांचे कागदबी दाखवा."

मोबाईलमध्ये दिवाळीच्या आसपासचा एक दाखला निघाला. माणूस दुसरा, पण शिक्का तोच, सहीही तीच. नवरा चव्हाण, नवरीचं माहेरचं नाव चव्हाण. त्यावरही हिरवी खूण.

"ही पोरगी कुठं गेली?"

मला तिचा चेहराही आठवेना. एवढंच आठवलं की जाताना तिनं माझा हात घट्ट धरला होता, आणि दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून मीच तो सोडवून घेतला होता.