कारणाचा रकाना

दूधगाडी सातला यायची. पावणेदहा वाजले तरी तिचा पत्ता नव्हता, आणि दूध संकलन केंद्रातल्या बाईंनी धुतलेल्याच काचनळ्या तिसऱ्यांदा धुवायला घेतल्या होत्या.

बावीस वर्षं त्या गावाचं दूध तपासत होत्या. पास-नापास करतात म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. एकदा तर सख्ख्या सासूच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा तेही त्यांनी परत पाठवलं होतं. त्यानंतर आठ दिवस घरात अबोला होता. मधल्या मधे नवऱ्याचे हाल झाले.

आज त्याच सासूबाई केंद्राच्या पायरीवर बसत होत्या, उठत होत्या, रस्त्याकडे बघून पुन्हा बसत होत्या. सावलीत ओल्या पोत्याखाली दुधाचे कॅन उभे होते. पोतं वाळलं की त्या पुन्हा त्यावर पाणी मारत. ऊन पायरीपर्यंत आलं होतं.

झालं होतं असं, की सरकारचं नवं धोरण आलं. पन्नास लिटरांच्या आत दूध आणील त्याचं दूध घ्यायचं नाही. अनुदान मोठ्या गोठ्याला, यंत्रं मोठ्या गोठ्याला, गाडीही आधी मोठ्या गोठ्याला. दोन गाईंवर घर चालवणाऱ्यांनी काय करायचं, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्या दिसणार तरी कशा? मग सासूबाईंनी अकरा घरं पालथी घातली, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांना एकत्र आणलं आणि सगळ्यांचं दूध मिळून पन्नास लिटर जमवलं. दूधखात्याच्या कचेरीनं महिनाभर बघू म्हणून परवानगी दिली. मात्र एकदा जरी दूध नापास झालं, तर गट कायमचा बंद. आज एकोणतिसावा दिवस होता.

दहाला गाडी आली. पुढच्या सीटवर कचेरीतले साहेब होते.

"काय करू बाई," ड्रायव्हर खाली उतरत पुटपुटला, "मोठ्या गोठ्यावर तीन तास उभं केलं. त्यांचं भरल्याशिवाय हलायचं नाही, असा हुकूम आहे."

बाईंनी कॅनचं झाकण उघडलं आणि वासावरच त्यांना कळलं. तरी गाडीत भरण्याआधी नियमाप्रमाणे नमुना उकळायला ठेवला. उकळी येताच दूध फाटलं.

सासूबाई जवळ सरकल्या. "एक दिवस डोळेझाक कर ना गं. गाडीच्या एवढ्या मोठ्या टाकीत आपलं पन्नास लिटर कुणाला कळतंय?"

"सगळी टाकी नासेल, आत्या. लेकरांच्या पोटात जातं ते."

"आणि अकरा घरांच्या पोटाचं काय?"

बाईंनी वही उघडली. निकालापुढे 'नापास' लिहिलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

साहेबांचा चेहरा खुलला. "मी म्हणतच होतो! आता कारणाच्या रकान्यात लिहा: लहान उत्पादक, गोठ्यात अस्वच्छता."

"साहेब, हेच दूध मी सहा वाजून दहा मिनिटांनी तपासलंय. उत्तम होतं."

"अहो बाई, कारणाचा रकाना वाचतं कोण? बावीस वर्षांची नोकरी आहे तुमची. लिहा आणि मोकळ्या व्हा."

"कोणी वाचत नाही, तर खोटं कशाला लिहायला सांगताय?"

बाईंनी पेन उचललं, दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली.

"काय लिहिलंस? मोठ्यानं वाच," सासूबाई म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती.

बाईंनी वाचून दाखवलं. सासूबाई पदर खोचून पुढे आल्या.

"खाली माझा अंगठा घे. साहेब, मी पाणी घातलं होतं ना, तेव्हाही हिनं खरंच लिहिलं होतं!"

कचेरीच्या साहेबांदेखत त्या माउलीनं स्वतःची चोरी कबूल केली, ती सुनेच्या शब्दाला वजन यावं म्हणून.

गट बंद झाला. पुढचा महिना उलटायच्या आत बाईंची नोकरी गेली, आणि अकरापैकी चार गोठे आज रिकामे आहेत. कचेरीचा वार्षिक अहवाल मात्र गुळगुळीत कागदावर निघाला. त्यात एक ओळ आहे: 'लहान उत्पादक गट – नापास.' जागेअभावी कारणाचा रकाना वगळला आहे, असं तळटीप सांगते.

वाचकहो, आमच्या या पानावर तेवढी जागा आहे. म्हणून तो रकाना इथे जसाच्या तसा देत आहोत:

'दूध सकाळी ६.१० ला आले. तपासले, उत्तम होते. गाडी १०.०० ला आली.'