दसऱ्याच्या दिवशी बंद असलेलं दार

औरंगपुऱ्यातल्या त्या तीन मजली इमारतीत दसऱ्याला सगळी दारं उघडी असतात. बंद असतं ते फक्त दुसऱ्या मजल्यावरचं झिराडकरांचं. कुणी वाजवतही नाही. समोरच्या साळूबाई आपट्याची पानं दाराखालच्या फटीतून आत सरकवतात आणि नवा भाडेकरू बेलकडे हात नेताना दिसला की जिन्यातूनच ओरडतात, "आज नाय, आज नाय! आज त्यांचा देव दार लावून बसा म्हणतो."

बिन्यामिन झिराडकर चौऱ्याऐंशी वर्षांचे. कित्येक पिढ्या कोकणात काढून मराठी झालेले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर अलिबागेकडून इथं आले आणि इथलेच झाले. घरात शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागे, शनिवारी चूल पेटत नसे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस किप्पूरचा. त्याला त्यांच्याकडे दारफळणीचा, म्हणजे दार लावून घ्यायचा, सण म्हणतात. आदल्या संध्याकाळी आंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, दार लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही न घेता देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. आणखी एक समज होता. या दिवशी घरातली गेलेली माणसं पाहुणी म्हणून येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात.

सणांच्या तारखा छापलेलं कॅलेंडर दरवर्षी मुंबईहून त्यांचे काका पाठवत. ऐंशी साली काका इस्राएलला गेले आणि कॅलेंडर यायचं थांबलं. बिन्यामिनना अडचण वाटली नाही. लागोपाठ दोन वर्षं किप्पूर आणि दसरा जुळून आलेले त्यांनी पाहिले होते. त्यांचे महिने चंद्राचे, पंचांगाचेही चंद्राचे. त्यांनी डायरीत, नकाशावर लिहायच्या त्या टोकदार अक्षरांत, एक ओळ लिहून ठेवली: किप्पूर म्हणजे दसरा. काकांची शुभेच्छापत्रं नंतरही येत. पण तिकडचं टपाल कधी पंधरा दिवसांनी पोचे, कधी दीड महिन्यानं. त्यावरून कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

ही ओळ चुकीची आहे, हे त्यांची मुलगी मिल्का हिला सेहेचाळीस वर्षांनी कळलं.

मिल्का एका सहकारी बँकेत हेड कॅशियर. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही. वडिलांनंतर या शहरात आपली प्रार्थना म्हणणारं कुणी राहणार नाही, तेव्हा निदान ती नीट यावी, म्हणून तिनं दर गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर भरणाऱ्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या हन्नाताई इस्राएलमधल्या अश्दोदला राहत. पेणहून तिकडे गेल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, त्यामुळे त्यांची मराठी अकरा वर्षांच्या मुलीची होती आणि शिस्त मात्र हेडमास्तरीण बाईंची.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी त्यांनी सणांच्या तारखा सांगितल्या.

"किप्पूर. रविवार वीस सप्टेंबरची संध्याकाळ ते सोमवार एकवीसची रात्र. लिहिलं?"

"ऑक्टोबर ना, ताई?" मिल्का म्हणाली. "वीस ऑक्टोबर. दसरा वीसला आहे."

"दसऱ्याचा काय संबंध गं?"

मिल्कानं सांगितलं. हन्नाताई आधी हसल्या. मग समजावायला लागल्या. "हे बघ, दोघांचेही महिने चंद्राचे. वर्ष कमी पडतं म्हणून दोघंही मधूनमधून एक महिना जास्तीचा घालतात. पण आपला पडतो होळीच्या आसपास, आणि पंचांगातला अधिक महिना दुसऱ्याच वर्षी, दुसऱ्याच जागी. तुमच्याकडे यंदा अधिक ज्येष्ठ होता ना? झालं तर. दसरा गेला महिनाभर पुढे. किप्पूर कशाला जाईल?"

"म्हणजे दरवर्षी चुकतं?"

"दरवर्षी नाही. काही वर्षं जुळतंही."

वर्ग संपल्यावर मिल्कानं जुन्या तारखा शोधल्या. बँकेत सवय होती तशी पट्टी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. पंचवीस साली जुळत होतं. चोवीसला जुळत होतं. तेवीसला महिनाभराचं अंतर. बावीसला जुळत होतं, एकवीसला अंतर, वीसलाही अंतर. साधारण निम्मी वर्षं बरोबर आणि निम्मी चूक. पंधरा साल तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

दोन हजार पंधराचा दसरा बावीस ऑक्टोबरला होता. त्या वर्षीचं किप्पूर तेवीस सप्टेंबरला होऊन गेलं होतं.

बावीस ऑक्टोबरला तिची आई गेली.

रिबेकाबाईंना साखरेचा त्रास होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागे. तरी त्यांनी किप्पूर कधी चुकवलं नव्हतं आणि त्या वर्षीही चुकवणार नव्हत्या. दुपारी चारच्या सुमाराला त्यांची साखर उतरली, दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. मिल्कानं वाटीत साखरेचं पाणी केलं आणि चमचा ओठांना लावला. आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. मिल्कानं बाबांकडे पाहिलं. बाबा पांढऱ्या कपड्यांत, हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभे होते.

"राहू दे मिल्का," ते म्हणाले. "दोन तासांचा प्रश्न आहे. आजचा दिवस तिचा आहे, तिला पुरा करू दे."

मिल्कानं चमचा वाटीत ठेवला. साडेपाचला, चांदण्या दिसायच्या आत, सगळं संपलं.

त्यानंतरची अकरा वर्षं बिन्यामिन एका वाक्यावर जगले होते. भेटायला येणाऱ्याला ते सांगत, फोनवर सांगत, काहीच विषय नसला तर मिल्काला सांगत. "किप्पूरच्या दिवशी गेली ती. दार बंद असताना गेली. अशा माणसाला वर कुणी काही विचारत नाही, थेट आत घेतात." हे म्हणताना त्यांचा आवाज कापायचा नाही. बाकी कशातही कापायचा.

पुढच्या गुरुवारी वर्ग संपल्यावर मिल्का थांबली आणि तिनं हन्नाताईंना आईचं सगळं सांगितलं.

"आजारी माणसानं किप्पूर धरायचंच नसतं गं," हन्नाताई म्हणाल्या. "औषध, पाणी, लागेल ते खाणं. जीव वाचवणं पहिलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? आम्ही तिघंच होतो."

"बाबांना सांगणार आहेस?"

"तुम्ही सांगितलं असतं?"

"माझे बाबा गेले," हन्नाताई म्हणाल्या. "मला विचारू नकोस."

मिल्कानं स्वतःपुरतं ठरवलं. खरा दिवस ती धरणार, बाबांना न कळता. वीस सप्टेंबरला, रविवारी संध्याकाळी तिनं आंघोळ केली आणि पांढरा कुर्ता घातला. खाली चौकात गणपतीपुढे पोरं कान फाटेस्तोवर गाणी वाजवत होती. जेवण तिनं सूर्य मावळायच्या आत उरकलं. बाबांनी विचारलं तर म्हणाली, ॲसिडिटी आहे, लवकर जेवलं की बरं वाटतं. आपल्या खोलीत जाऊन तिनं दार लावलं आणि वर्गात शिकलेली प्रार्थना हळू आवाजात म्हटली. आयुष्यात पहिल्यांदा ती जगातल्या बाकीच्या यहुद्यांबरोबर एकाच वेळी ते शब्द म्हणत होती. पण मनात राहून राहून एकच येत होतं. आज पाहुणी माणसं घरी येतात. आई येईल का? तिला आजची तारीख कुठे माहीत आहे?

सोमवारी बँकेत रजा टाकली होती. सकाळचा चहा तिनं नाकारला. नऊला त्यांनी स्वतः पोहे केले. तेही तिनं नको म्हटले.

"डोकं दुखतंय, बाबा. पडून राहते."

अकराला ते पुन्हा दारात आले. "पाणी तरी पी."

"नको ना. पिते नंतर."

बाराला आले तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती, वाटीत चमचा. ते पलंगाच्या कडेला बसले.

"साखरेचं पाणी आहे. तोंड उघड."

"बाबा, मला काही झालं नाहीये."

"कालपासून पोटात काही नाही तुझ्या. घसा सुकलाय, आवाजावरून कळतंय मला. तोंड उघड म्हणतो ना!" इतक्या मोठ्यानं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. मग आवाज एकदम उतरला. "तुझ्या आईला मी आग्रह केला नाही. किप्पूर होतं म्हणून नाही केला. तुझ्या हातातला चमचा मी खाली ठेवायला लावला, तो रोज दिसतो मला. पण निदान तो दिवस तरी तसा होता. आज काय आहे? आज तर साधा सोमवार आहे. साध्या सोमवारी माझ्यासमोर तोंड मिटून बसू नकोस, बाळा."

खाली आरती सुरू झाली होती. झांजा वाजत होत्या. चमचा तिच्या ओठांपाशी आला होता, त्यातलं थोडं पाणी हनुवटीवर सांडलं होतं.

मिल्कानं तोंड उघडलं.

बाबांनी वाटीभर पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. मग पोहे गरम करून आणले, समोर बसून संपवायला लावले. "बघ, रंग आला चेहऱ्याला," ते म्हणाले आणि रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले. मिल्कानं उशीत तोंड खुपसलं.

महिन्यानं दसरा आला. सोमवारच्या संध्याकाळी बिन्यामिननी पांढरा लेंगा-सदरा घातला, दार लावून घेतलं, कडी दोनदा ओढून पाहिली. रिबेकाबाईंच्या खुर्चीवर धुतलेली चादर घातली. त्या पाहुण्या येणार होत्या.

मंगळवारी दुपारी मिल्काला भीती वाटायला लागली. चौऱ्याऐंशीचं वय, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, हृदयाची एक. सकाळची एकही घेतली नव्हती. तीनला प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान उलटताना त्यांचा हात हवेतच थांबला आणि ते भिंतीला टेकले. कपाळावर घाम आला होता. तो घाम तिनं पूर्वी पाहिला होता.

तिनं गोळ्या आणि पाण्याचा पेला आणला.

"बाबा, घ्या."

"वेड लागलं का? आज?"

"हन्नाताईंनी वर्गात सांगितलंय. औषधापुरतं पाणी चालतं. आजारी माणसानं घ्यायलाच पाहिजे, न घेणं हीच चूक."

"असं म्हणाल्या?"

"माझ्या वहीत आहे. दाखवू?"

त्यांना वही पाहायची नव्हती. त्यांनी गोळ्या तळहातावर घेतल्या आणि बोटांनी एकेक बाजूला केली, जणू मोजत होते. मग चादर घातलेल्या खुर्चीकडे पाहिलं. मिल्काला पुढचा प्रश्न तो यायच्या आधीच कळला.

"हा नियम," ते म्हणाले, "तेव्हाही होता?"

बाहेर जिन्यावर पावलांचा आवाज होता, कुणाकुणाला सोनं दिलं-घेतलं जात होतं. साळूबाईंचा आवाज आला, "हळू बोला रं, इथं दार लावलंय!" फटीतून आपट्याची दोन पानं आत सरकली आणि फरशीवर पडली.

सबंध वर्षाचं खोटं ज्या दिवशी कबूल करायचं असतं, त्या दिवशी नवं खोटं बोलायचं नसतं. पहिल्याच वर्गात ते तिनं लिहून घेतलं होतं. पण तो दिवस महिनाभरापूर्वी होऊन गेला होता, आणि तिनं तो पोहे खाऊन मोडला होता. आज साधा मंगळवार होता.

"नाही," मिल्का म्हणाली. "हा नवा आहे. मोठ्या धर्मगुरूंनी आत्ता काढला."

"कधी?"

"दोनेक वर्षं झाली."

नकाशातली रेघ सरळ आहे की नाही ते बघावं, तसं ते तिच्याकडे बघत राहिले. तिनं नजर हलू दिली नाही.

"आणि अश्दोदला आज सगळ्यांची दारं बंद असतील?"

"सगळ्यांची."

त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या, दोन घोट पाणी घेतलं आणि पेला अर्ध्यावर परत दिला. "बस. एवढंच लागतं औषधाला." पुस्तक उघडलं, चष्मा लावला, पुन्हा काढला.

"दोन वर्षं," ते खुर्चीकडे पाहून म्हणाले. "नऊ वर्षं उशीर झाला गं रिबेका."

मिल्का पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. उरलेलं पाणी तिनं प्यायलं नाही आणि ओतलंही नाही. पेला ओट्यावर ठेवला आणि परत येऊन बाबांच्या शेजारी जमिनीवर बसली. त्यांनी बोट ठेवलं होतं त्या ओळीपासून तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चांदण्या निघायला अजून तीन तास होते.