मागची माळ

तिसऱ्यांदा खटका पडला आणि कपाटाएवढं यंत्र गप्प झालं. निशिगंधानं पत्र्याला तळहात लावला अन् झटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता.

"वैनी, दसऱ्याचा मुहूर्त बघून आलोय मी," उदयसिंह म्हणाला. राधानगरीच्या बाजूला डोंगरावर त्याची पवनचक्की उभी होती. "आज चाललं तर नेतो, न्हायतर पुण्याचं घेतो. राग मानू नका."

राग कसला मानायचा? वारा पडला लहरी. त्याची वीज जशीच्या तशी सरकारी तारेत सोडता येत नाही. तिला तारेतल्या विजेच्या तालावर आणायचं काम या यंत्राचं. उचगावच्या या शेडमध्ये निशिगंधानं दोन वर्षं त्यातच घातली होती. आज ते चाललं नाही तर शेडला कुलूप आणि पुण्याची जुनी नोकरी, असं नवऱ्याशी बोलणं झालं होतं.

सासूबाईंना, शिवम्मांना, तिनं हे यंत्र एकदा समजावलं होतं.

"वारं कसंबी येऊ दे अत्ती, तारेत शिरताना घरच्या वळणानं शिरायला पायजे."

"म्हंजे सूनच की," म्हणून शिवम्मा भाकरी थापत राहिल्या. शेडमध्ये मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्या पेटाऱ्यानं माझी सून खाल्ली, असं शेजारणीला सांगायच्या. निशिगंधाला ते लागायचं, खोटं कशाला सांगा.

ती यंत्राच्या मागे शिरली. तिथं भिंतीलगत जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. खाली, गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या जाळीवर झेंडूची जाडजूड माळ घट्ट बांधलेली. वर पत्र्यावर विभूतीची तीन बोटं.

काल खंडेनवमी झाली. घरात विळीपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांची पूजा झाली, आपलं यंत्र तेवढं राहिलं, असं निशिगंधाला वाटलं होतं. गुडघ्यांपायी देवासमोरसुद्धा खुर्चीवर बसणारी सासू इथं खाली वाकली होती, आणि तेही कुणाला दिसू नये म्हणून मागच्या बाजूला. निशिगंधाला हसू आलं, मग रडूच आलं. पदर नव्हता, बाहीनंच डोळे पुसले.

तिनं माळ सोडून पुढे आणली आणि यंत्राच्या दाराच्या मुठीला बांधली.

"ह्या माळंनं व्हय?" उदयसिंहनं विचारलं.

"हवा कोंडली हुती."

यंत्र निवल्यावर तिनं ते पुन्हा सुरू केलं. वाऱ्याच्या जागी जोडलेली मोटर मुद्दाम कधी हळू, कधी जोरात फिरवली. दुपार झाली तरी यंत्र एका सुरात चालूच होतं. उदयसिंहनं टेम्पोवाल्याला फोन लावला.

तेवढ्यात पोळ्यांचा डबा घेऊन शिवम्मा शेडच्या दारात आल्या. त्यांची नजर आधी मुठीवर गेली.

"पुढं कुणी आणली ही?"

"मीच. मागं कुणाला दिसत न्हवती, अत्ती."

शिवम्मा जरा ओशाळल्या. पुढे होऊन त्यांनी माळ सारखी केली.

"चाललं काय?"

"चाललं."

"चालणारच. माळ बांधलीया न्हवं."

उदयसिंहनं बोलायला तोंड उघडलं. निशिगंधानं डबा उघडून एक पोळी त्याच्या हातावर ठेवली.

"व्हय अत्ती," ती म्हणाली, "माळंनंच."