मीटरवरचं शून्य

भट्टीच्या धुरात वीज सोडून त्यातला विषारी वायू संपवायचा, या एका खटाटोपात तंत्रज्ञाची सात वर्षं गेली होती. नळीच्या मधोमध तार, भोवती पोलादी भिंत आणि दोघांमध्ये हजारो व्होल्टची निळी तडतड. या काळात तारा जळल्या, तीन साहेब बदलले, याचे केस गेले. हा मात्र नळीला चिकटून.

चिकटण्याचं कारण होतं ताई. याची थोरली बहीण, दम्याची रुग्ण. घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळे खिडकी बारा महिने बंद.

महिन्यापूर्वी मीटरवर शून्य आलं. साहेबांनी पाठ थोपटली. हा तडक ताईकडे गेला आणि गंजलेली कडी ठोकून ठोकून त्यानं स्वतः खिडकी उघडली.

आज दुपारी त्याची नजर चिमणीकडे गेली. धूर तांबूस होता. मीटर एकच वायू मोजत होतं. विजेनं तो वायू संपवलाच नव्हता, त्याचा दुसरा, जास्त जहाल वायू करून ठेवला होता. तो पुढच्या टाकीत क्षाराच्या पाण्यानं धुऊन काढायचा असतो. पण शून्य दिसल्यावर टाकी हवीच कशाला, असं सगळ्यांत मोठ्यानं हाच म्हणाला होता.

हे ऐकून साहेब वैतागले. "शुक्रवारी तपासणी आहे. मीटर शून्य दाखवतंय ना? मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

"मीटर खरंच सांगतंय, साहेब. मीच त्याला अर्धं विचारलं."

भांडायचं त्राण नव्हतं. त्यानं जाऊन वीज बंद केली. मीटरवर जुन्या वायूचा आकडा भराभर वर चढला. तो बघून त्याला रडूही आलं नाही, इतका तो थकला होता.

संध्याकाळी ताईच्या दारातच तो म्हणाला, "ताई, खिडकी लाव. माझं चुकलं."

काय चुकलं, हे न विचारता ताईनं उठून खिडकी लावली. मग भिंतीला धरून बराच वेळ खोकली.

"हे कधीपासून?"

"झाला असेल महिना."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

ताईनं पदरानं तोंड पुसलं. "सात वर्षांनी तुझं काही जमलं होतं रे. तू आलास की खोकला दाबून धरायचे."