वाढवलेली मर्यादा

चिलीच्या पुंता अरेनासमधल्या, पवनविजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या कारखान्यात, वारा उसळला की वीज कमी-जास्त व्हायची, हायड्रोजनचा दाब ऑक्सिजनपेक्षा चढायचा आणि भोंगा वाजायचा. सोमवारी तो वीसदा वाजला, तेव्हा पाळीवरच्या नेलिदाने वैतागून भोंगा वाजण्यासाठीची दाबातल्या फरकाची मर्यादा वाढवली आणि ती तशीच ठेवून घरी गेली. पुढच्या, ओविदियोच्या पाळीत भोंगा न वाजताच दोन वायूंमधला पडदा फाटला.

"ओविदियो, डुलकी लागली होती का रे?" नेलिदा पुन्हा कामावर आली तेव्हा साहेब विचारत होते.

"नाही हो. भोंगाच वाजला नाही."

"म्हणजे त्यालाही डुलकी लागली! उद्यापासून येऊ नकोस."

 ओविदियोने येर्बा माते या पानांचा कडू काढा ओतला आणि रोजच्यासारखा पहिला पेला नेलिदापुढे धरला. तिला तो घेववेना.

"साहेब," ती म्हणाली, "भोंगा मी गप्प केला होता."